पोलो जीटीच्या जागी काय घ्यावं? उत्तर ५३ मिलिमीटरमध्ये अडकलंय

दर पंधरवड्याला कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. विचारणारा साधारण पस्तिशी-चाळिशीतला असतो. गाडी दहा-अकरा वर्षांची झालेली असते, घरचे म्हणत असतात आता जरा मोठी घे, आणि ह्याला मोठी नको असते. ह्याला तशीच हवी असते. लहान, रस्त्याला चिकटून चालणारी, वळणावर न डुलणारी, ट्रकला ओव्हरटेक करताना पाय दाबला की लगेच जाणारी. खाली येणारी उत्तरंही ठरलेली. "कायलॅक घे." "नेक्सॉन घे, सेफ आहे." "थोडे पैसे टाक आणि व्हर्टस घे." आणि एकजण हमखास, "भावा, ईव्ही घे, पेट्रोलचं युग संपलं."

मी उत्तर देणार आहे, पळ काढत नाही. पण त्याआधी एक गोष्ट सांगायचीय. पोलोला पर्याय काय हे तुम्ही-मी ठरवण्याच्या आधी दिल्लीत एका कराच्या तक्त्यात ठरून गेलंय. तो तक्ता न बघता शोरूमच्या चकरा मारण्यात अर्थ नाही.

ज्यांना गाड्यांचं फारसं काही पडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फोक्सवॅगनची पोलो आपल्या चाकणला बनायची. २०१० मध्ये आली, २०२२ मध्ये बंद झाली. २०१३ साली तिची जीटी टीएसआय नावाची आवृत्ती निघाली. ११९७ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक, शून्य ते शंभर दहा सेकंदांच्या आत. २०२० मध्ये त्या जागी १.० लिटरचं तीन सिलिंडरी इंजिन आलं, ११० पीएसचं. आकडे आज वाचले तर काही विशेष वाटणार नाहीत. पण तेव्हा आठ-दहा लाखांत अशी गाडी दुसरी नव्हती. रॅलीवाल्यांनी ती उगाच नाही उचलली.

"ही कुठली स्पोर्ट्‌स कार, ही तर हॅचबॅक," असं म्हणणारे येतीलच. बरोबर आहे त्यांचं. दोन सीट आणि उघडं टप हवं असेल तर पाऊण कोटीची एमजी सायबरस्टर आहे, खुशाल घ्या. नोकरदार माणसाची स्पोर्ट्‌स कार म्हणजे जिच्यात शाळेची दप्तरं, आई-बाबा आणि गणपतीला गावी जाताना सगळं सामान बसतं, आणि सगळे उतरल्यावर जी मजा देते ती गाडी. आपल्याकडे ती पोलो जीटी होती.

आणि हो, सगळं गोड होतं असंही नाही. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली पोलो आपटवली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. त्यानंतर कंपनीने दोन एअरबॅग सगळ्या आवृत्त्यांत दिल्या आणि त्या गाडीला चार तारे मिळाले. "जर्मन आहे म्हणजे रणगाडा" म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

आता मुद्द्यावर येतो. जगात पोलोची पुढची पिढी २०१७ मध्येच आली. आपल्याकडे ती आलीच नाही, शेवटपर्यंत जुनीच विकली गेली. का? नव्या पोलोची लांबी आहे ४०५३ मिलिमीटर. जुनी ३९७१ होती. आणि भारतात लहान गाडीची सरकारी व्याख्या आहे ४००० मिलिमीटर. २००६ च्या अर्थसंकल्पात ही रेघ मारली गेली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. या चौकटीत बसलात तर लहान गाडी आणि कमी कर. सरकारं बदलली, अबकारी कर जाऊन जीएसटी आला, पण ती रेघ तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले तेव्हाही तीच कायम. चौकटीच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के.

जरा हिशोब करू. कराआधी सात लाखांची गाडी धरा. चौकटीत असेल तर कर १ लाख २६ हजार. बाहेर असेल तर २ लाख ८० हजार. फरक १ लाख ५४ हजारांचा. नवी पोलो रेघेच्या पुढे जाते ५३ मिलिमीटर, म्हणजे हाताच्या तीन बोटांची रुंदी. मिलिमीटरला जवळपास २,९०० रुपये पडले! त्यावर रोड टॅक्स वेगळा, कारण आपल्याकडे महाराष्ट्रात तोही किमतीवर लागतो. सोन्याचा भाव निघाला म्हणायचं.

फक्त करामुळे पोलो गेली असं मी म्हणत नाही. ती फार खपतही नव्हती. नवा सांगाडा इथे आणायचा तर पैसा लागतो, आणि कंपनीला तो पैसा हॅचबॅकवर लावायचा नव्हता. विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त आता एसयूव्ही प्रकारातल्या आहेत. लोकांनाच उंच गाडी हवी, कंपनी काय करणार? पण लोकांना काय हवं हे ठरण्यात किमतीचाही हात असतो, आणि किमतीत कराचा. याच कंपनीने २०१६ मध्ये पोलोला डिकी लावून अमिओ काढली होती. ती चार मीटरच्या आत बसावी म्हणून बंपर छाटला होता, निव्वळ भारतासाठी. जर्मन इंजिनिअर मंडळी वुल्फ्सबर्गमध्ये बसून भारतीय करतक्त्याप्रमाणे बंपर कापतायत, हे चित्र डोळ्यांसमोर आणून बघा.

आता तेच चाकण, तेच १.० टीएसआय घराण्यातलं इंजिन आणि ३९९५ मिलिमीटर लांबी. ती गाडी म्हणजे स्कोडा कायलॅक. हिशोबाने पोलोची वारसदार तीच. ११५ पीएस, चांगला मॅन्युअल गिअरबॉक्स, भारत एनकॅपचे पाच तारे. वाईट गाडी अजिबात नाही. फक्त ती उंच आहे, १८९ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची, आणि पोलोपेक्षा शंभरहून जास्त किलोंनी जड. चार मीटर लांबी ठरून गेली की गाडी फुगणार कुठे? वर आणि बाजूला. आपल्या नियमात उंचीला मर्यादा नाही, रुंदीला नाही, वजनाला तर नाहीच नाही.

या नियमाची गंमत बघायची असेल तर दोन गाड्या शेजारी ठेवा. पहिली महिंद्र थार, तीन दरवाज्यांची, दीड लिटर डिझेलवाली. लांबी ३९८५. लॅडर फ्रेम, वजन दीड टनाच्या वर. जानेवारी २०२३ मध्ये ती मागच्या चाकांच्या ड्राइव्हसह आली तेव्हा इंजिन मुद्दाम दीड लिटरच्या आतलं ठेवलं गेलं, या सवलतीसाठीच. कायद्याने ती लहान गाडी. दुसरी सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, जी जपानमध्ये विकली गेली पण आपल्याकडे कधीच आली नाही. लांबी ३८९० मिलिमीटर, वजन ९७० किलो, १.४ लिटर टर्बो, १४० पीएस. इंजिन १३७३ सीसीचं, म्हणजे १२०० च्या वर. आज ती इथे बनवली तर ४० टक्के कर. थारपेक्षा आखूड, कितीतरी हलकी, आणि तरी आपल्या कायद्याने मोठी गाडी!

थारवर माझा राग नाही, ज्याला हवी त्याने घ्यावी. पण दीड टनाचं वाहन लहान आणि ९७० किलोचं मोठं, असं म्हणणारा नियम नेमकं काय मोजतो?

आपल्या स्विफ्टचंही तेच झालं. २००५ मध्ये पहिली स्विफ्ट आली तेव्हा तिच्यात १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. जुन्या मालकांना विचारा, अजून आठवण काढतात. २०१० मध्ये ते जाऊन १.२ आलं आणि गाडी चौकटीत बसली. खप वाढला, मारुतीचं भलं झालं, ग्राहकाचे पैसे वाचले. त्यात चूक कुणाचीच नाही. मात्र वीस वर्षं सगळ्या कंपन्या त्या एकाच खिडकीतून आत यायला बघतात तेव्हा सगळ्या गाड्या एकसारख्या होतात. हेही त्याचंच फळ.

पोलोसारख्यांचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. त्यातले बरेच तर आपल्या पुणे जिल्ह्यातच झाले. रांजणगावला फियाटने २०१५ मध्ये अबार्थ पुंटो काढली. १.४ लिटर टर्बो, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, दहा लाखांच्या आत. लांबी चार मीटरच्या आत, पण इंजिन १३६८ सीसी. म्हणजे पुन्हा चौकटीबाहेर, पुन्हा चढा कर. ज्यांनी घेतली ते आजही विकत नाहीत. बीएस-६ यायच्या आधीच फियाट हा ब्रँड इथून गेला. २०१७ मध्ये मारुतीने बलेनो आरएस आणली, २०१८ मध्ये टाटांनी कोइंबतूरच्या जयेम कंपनीबरोबर टियागो जेटीपी काढली, ११४ पीएसची. बीएस-६ लागू होता होता दोन्ही बंद. पिंपरीत बनलेली अल्ट्रोझ रेसर २०२४ च्या जूनमध्ये आली, १२० पीएस, सहा गिअरचा मॅन्युअल. वर्षभराने नवी अल्ट्रोझ आली आणि तिच्यात टर्बो पेट्रोल इंजिनच नव्हतं.

आपल्याकडे खरीखुरी दोन सीटची लहान स्पोर्ट्‌स कारही बनली होती बरं का, गोव्यात. सॅन स्टॉर्म तिचं नाव. फायबरची बॉडी, रेनॉचं जेमतेम १.२ लिटरचं इंजिन, साठेक हॉर्सपॉवर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली आणि फार कुणी न घेताच गेली. ती गाडी काही महान नव्हती, पण कुणीतरी प्रयत्न तरी केला होता.

"नियम कडक असले की मजा मरते," असा निष्कर्ष मात्र मी काढत नाही. जपान बघा. तिथल्या केई गाडीला ६६० सीसीची मर्यादा, ३.४ मीटर लांबीची, शिवाय १.४८ मीटर रुंदीची. कंपन्यांनी आपसात ताकद ६४ पीएसवर थांबवलेली. आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट चौकट. आणि त्याच चौकटीतून सुझुकी कॅपुचिनो निघाली, होंडा बीट निघाली, अलीकडे होंडा एस६६० निघाली. चिमुकल्या, दोन सीटच्या, अस्सल स्पोर्ट्‌स कार. लांबी आणि रुंदी दोन्ही बांधलेली, ताकदही बांधलेली, मग गाडीत मजा आणायची तर ती हलकी आणि चपळ करण्याशिवाय इंजिनिअरला मार्ग राहत नाही. आपण फक्त लांबी आणि सीसी मोजतो, त्यामुळे आपला इंजिनिअर डोकं लावतो ते गाडी एसयूव्हीसारखी दिसावी यासाठी.

आता कुणी म्हणेल, हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले. देशात एवढे प्रश्न असताना तुला हॅचबॅक हलकी का नाही याचं दुःख! ठीक आहे, माझी मजा सोडून द्या. कोथरूड, ठाणे, नाशिक रोड, कुठल्याही गल्लीत संध्याकाळी उभे राहा. रस्ते तेवढेच आहेत, सोसायटीच्या पार्किंगच्या रेघा तेवढ्याच आहेत, आणि गाड्या दरवर्षी रुंद आणि उंच होतायत. उंच बॉनेटच्या पुढे लहान मूल उभं असलं तर चालवणाऱ्याला दिसत नाही. वजन वाढलं की आदळल्यावर समोरच्याचं नुकसान वाढतं, आणि आपल्या रस्त्यावर समोरचा बहुतेक वेळा दुचाकीवर किंवा पायी असतो. कर हे सरकारच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार, आणि ते या सगळ्याकडे डोळे मिटून फूटपट्टीने लांबी मोजतंय.

वेगाचाही आक्षेप येतो. लहान, जलद गाड्या म्हणजे पोरांच्या हातात कोलीत. मला उलट वाटतं. हलक्या, बुटक्या गाडीची मजा ताशी ५०-६० वरच येते. ताम्हिणीत किंवा वरंध्यात कायद्यात राहून हसू येतं चेहऱ्यावर. तेच हसू दोन टनांच्या दोनशे हॉर्सपॉवरच्या एसयूव्हीत हवं असेल तर एक्स्प्रेस-वेवर १०० ची मर्यादा मोडावी लागते. मोडतातच.

आणि खड्डे. हा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. लोक एसयूव्ही का घेतात याचं प्रामाणिक उत्तर कुठल्याही पावसाळ्यात मुंबई-गोवा रस्त्यावर मिळतं. महापालिकेने आणि बांधकाम खात्याने मिळून एसयूव्हीची जेवढी जाहिरात केलीय तेवढी कुठल्या कंपनीनेही केली नसेल. मोजमाप न पाळता रातोरात उगवणारे स्पीडब्रेकर त्यात धरा. खाली घासणारी गाडी घेऊन रोज शिव्या घालण्यापेक्षा उंच घेतलेली बरी, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही.

पण कर बदलता येतो. वजन मोजा आणि प्रति किलोमीटर धूर मोजा. दोन्ही आकडे प्रत्येक गाडीच्या मंजुरीच्या कागदांत असतात, नवं काही शोधायचं नाहीये. फ्रान्सने २०२२ पासून जड गाड्यांवर वजनाप्रमाणे दंड लावलाय, आधी १८०० किलोच्या वर, नंतर १६०० च्या. पॅरिसमध्ये बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट महाग करायला लोकांनी २०२४ मध्ये मतदान करून कौल दिला. आपल्याकडे मात्र कंपन्यांना लागू असलेल्या कॅफे या इंधन-नियमांत कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जास्त असेल तर उद्दिष्टच सैल होतं. म्हणजे जड गाड्या बनवा, सूट घ्या! पुढच्या टप्प्यात लहान हलक्या गाड्यांना थोडी सवलत द्यावी का, यावरून २०२५ मध्ये कंपन्या एकमेकींवर तुटून पडल्या. मारुती एका बाजूला, टाटा-महिंद्र दुसऱ्या. दोघांचेही स्वार्थ उघड आहेत. पण निदान त्या भांडणात वजन हा शब्द तरी आला. जीएसटीच्या चर्चेत तोही कुणी काढत नाही.

बरं, आता पोलोवाल्यांचं उत्तर.

नवीच घ्यायची असेल तर ह्युंदाई आय२० एन लाइन, आणि ती मॅन्युअल गिअरची. सहा गिअरचा साधा मॅन्युअल २०२३ पासून मिळू लागला. १२० पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, साध्या आय२० पेक्षा कडक सस्पेन्शन. स्टिअरिंगला पोलोचं वजन नाही आणि वेगात ती पोलोइतकी घट्ट बसत नाही, हे मान्य करूनच घ्या. ग्लोबल एनकॅपमध्ये आय२० ला तीनच तारे मिळाले होते, हेही घरच्यांना आधी सांगा, नंतर कळलं तर जास्त ऐकावं लागेल. आणि युरोपातल्या आय२० एन शी तिची तुलना करू नका. तिकडे १.६ लिटर टर्बो आणि २०४ पीएस होते, गाडी चार मीटरहून लांब होती. आपली एन लाइन ३९९५ मिलिमीटर आणि ९९८ सीसी. कशामुळे, हे वर सांगितलंच.

सर्व्हिस सेंटर गावाजवळ हवं असेल तर फ्रॉन्क्सचं टर्बो पेट्रोल बघा. दिसायला एसयूव्ही, पण आतून बलेनो, वजन हजार किलोच्या जवळपास, शंभर पीएस. या यादीत कुणी तिचं नाव घेत नाही. चालवून बघा, मग बोला.

बजेट वाढवता येत असेल आणि पार्किंग असेल तर व्हर्टसची १.५ टीएसआय मॅन्युअल. १५० पीएस, चाकणचीच. उत्तम गाडी, माझं मत विचाराल तर आज या किमतीत चालवायला सगळ्यात छान. पण ती साडेचार मीटरची सेदान आहे, लहान नाही. पोलोच्या जागी ती घेणं म्हणजे वन-बीएचके विकून थ्री-बीएचके घेणं. सुख आहे, पण जागा लागते. आणि खरी गोल्फ जीटीआय? २०२५ मध्ये आली, आयात केलेली, मोजक्याच गाड्या, ५३ लाख रुपये. बघा, ५३ चा आकडा पुन्हा आला.

जुनी पोलोच घ्यायची असेल तर माझं मन तिकडेच ओढतं. पण जीटी टीएसआयच्या मोहात पडू नका. २०१९ पर्यंतच्या गाड्यांत ड्राय क्लचचा डीएसजी आहे आणि त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटचा खर्च आला की तोंडचं पाणी पळतं. त्याऐवजी २०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय मॅन्युअल शोधा. तिच्यावर जीटीचा बिल्ला नसेल, कारण तेव्हा जीटी फक्त ऑटोमॅटिकमध्ये यायची. इंजिन तेच ११० पीएसचं. लोक बिल्ला नाही म्हणून भाव कमी करतात, त्याचा फायदा घ्या. सर्व्हिसची सगळी बिलं मागा आणि गाडी सकाळी थंड असताना सुरू करून बघा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. थेट मालकाकडून घेतली तर जीएसटीचा प्रश्न नाही. डीलरकडून घेतलीत तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के आहेत आणि ते तो तुमच्याकडूनच काढणार.

आणि स्वतःची पोलो अजून धड चालत असेल तर टायर, शॉक ॲब्सॉर्बर, बुश बदलून घ्या आणि दोन वर्षं थांबा. एन लाइन बघायला गेलात तर शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला बहुतेक ऑटोमॅटिकच उभी असेल. मॅन्युअल आणून द्या म्हणून सांगा, हट्ट धरा, आठवडा लागला तरी चालेल.